गण्यास पत्र: इव्हानाची घरं आणि माणसं

मनिला,
मे महिना

प्रिय गण्या,

सप्रेम नमस्कार.

"कुठे गायब होतास?" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन ओळींत मावेना, म्हणून पत्रच लिहायला बसलो. बातानेसला गेलो होतो. फिलिपिन्सचं उत्तरेकडचं मोठं बेट लुझॉन संपल्यावर आणि तैवान यायच्या आधी समुद्रात जी बेटं दिसतात, ती. सगळा प्रांत मिळून 219 चौरस किलोमीटर आणि 2020 च्या जनगणनेत माणसं एकोणीस हजारांच्या आत. विमान उतरतं बास्कोला. तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं रिक्षानं निघालो. इथल्या रिक्षांना टप गवताचा असतो, खोटं नाही सांगत. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि दर वळणावर 'हॉर्न वाजवा' म्हणून रंगवलेलं. असं करत पोचलो इव्हानाला.

इव्हानाला इथल्या कायद्यानं नगरपालिकेचा दर्जा आहे. महापौर आहे, नगरसेवक आहेत, आणि वस्ती दीड हजाराच्याही आत! रादिवान, सालागाव, सान व्हिसेंते आणि तुहेल हे चार बारंगाय, म्हणजे आपल्या वाड्याच समज, आणि प्रत्येकीचा निवडून आलेला कॅप्टन वेगळा. आपल्या ग्रामपंचायतीच्या एका वॉर्डात याहून जास्त डोकी आणि दसपट भांडणं निघतील. बंदरासमोर दगडी चर्च आणि धक्क्याला साबतांग बेटाकडे जाणाऱ्या फालुवा. उलांडी नसलेल्या गोल बुडाच्या या होड्या असतात. लाटेवर अशा डोलतात, की नाश्ता न केलेला बरा.

इथं येणारा प्रत्येक जण आधी बिनमालकाचं दुकान बघतो. एका निवृत्त शिक्षिकेनं 1995 मध्ये सुरू केलेलं. फळीवर कॉफीच्या पुड्या, नूडल्स, बिस्किटं, गरम पाण्याचा थर्मास, किमतींची यादी आणि पैसे टाकायला पेटी. गल्ल्यावर कुणी नाही. घ्यायचं, वहीत लिहायचं, पैसे टाकायचे. सुट्टे नसले तर पंचाईत, कारण मोड द्यायला माणूसच नाही. माझ्याकडे नोट मोठी होती, म्हणून नको असलेली बिस्किटं उचलली आणि हिशेब जुळवला. लोक फोटो काढतात आणि "काय प्रामाणिक माणसं!" म्हणत निघून जातात. मला विचारशील तर हे कौतुक जरा स्वस्त आहे. इतक्या लहान गावात, जिथे प्रत्येकाची आजी प्रत्येकाला ओळखते, तिथे चोरी करून जाणार कुठे? खरी गोष्ट दुकानाच्या मागच्या गल्लीत आहे आणि ती मला योगायोगानंच बघायला मिळाली.

सान व्हिसेंतेत एका घराचं छप्पर शाकारणं चाललं होतं. इव्हातानांची, म्हणजे इथल्या मूळ लोकांची, जुनी घरं म्हणजे चुन्यात बांधलेल्या दगडाच्या भिंती, काही ठिकाणी जवळजवळ मीटरभर जाड. खिडक्या तीनच बाजूंना. ज्या अंगानं वारा सर्वांत जोरात येतो ती भिंत सरळ बंद. वर कोगन नावाच्या उंच गवताचं जाडजूड छप्पर. त्या दिवशी आठ-दहा पुरुष वर चढलेले, खालून पेंढ्या झेलत होते. बोरूच्या जाळीवर पेंढी ठेवायची, दाबायची, वेतानं आवळायची, की लगेच दुसरी. एक म्हातारा खाली उभा राहून नुसत्या नजरेनं पाहत होता आणि कुठे सैल दिसलं, की काठीनं खालून ढोसायचा. वरचा माणूस काही न बोलता गाठ सोडून परत बांधायचा. मजुरी कुणालाच नव्हती. घरमालकानं जेवण घालायचं आणि उद्या दुसऱ्याच्या छपरावर आपण चढायचं. शेतासाठी पाच-दहा जणांचा गट असतो, त्याला पायुहवान म्हणतात. अख्खा गाव लागला, की तो यारू. आपल्याकडची सावड तुला काय सांगायची, तुझ्या आजोबांनी तर आयुष्यभर केली. इथे ती पुरती गेलेली नाही, एवढाच फरक. का, ते वादळं सांगतात. 2021 च्या 11 सप्टेंबरला एक मोठं वादळ नेमकं इव्हानावरच धडकलं. वादळाची खबर आली, की छपरावर जाड दोरखंडाचं जाळं टाकून ते जमिनीला आवळतात. एकट्याचं ते काम नाही. शेजाऱ्याशी अबोला धरणं इथे परवडत नाही, आणि माझ्या मते त्या दुकानाची पेटी त्यामुळेच भरते.

तिथेच 'दाकाय' घर आहे, 1887 सालचं. 1918 चा भूकंपही त्यानं पचवला. पण नवी घरं बहुतेक सिमेंट-पत्र्याची. तू चिऱ्याचं घर पाडून स्लॅब टाकायला निघालायस, म्हणून तिथल्या लोकांना मुद्दाम विचारलं. गवत कापायला, वाहायला, शाकारायला तरुण हात लागतात, आणि पोरं शिकायला बास्कोला जातात, तिथून मनिला, तिथून परदेश. पत्र्याला यारू लागत नाही. त्यांना दोष कोण देणार? तू स्लॅब टाक, पण पडवी तरी कौलारू ठेव.

जेवणाचं राहिलंच. नीरफणसाच्या रुंद पानावर हळदीचा पिवळा भात, केळीचा कंद किसून मासे-मांस घालून केलेले उवुदचे गोळे, आणि वुनेस, म्हणजे वाळवलेल्या अळूच्या देठांची भाजी. तुझी आई अळूचे देठ फदफद्यात घालते, इथे ते वाळवून ठेवतात, कारण वादळात होडी चार-चार दिवस सुटत नाही. त्याच कारणानं लुनिस: मिठात शिजवून स्वतःच्याच चरबीत बुडवून ठेवलेलं डुकराचं मांस. फ्रिजशिवाय टिकतं. मला फार खारट वाटलं, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

शेतावरच्या बायका डोक्यावर 'वाकुल' घालतात, एका शिंदीच्या जातीच्या झाडाच्या तंतूंचं, कमरेपर्यंत लोंबणारं. आपलं इरलंच, फक्त केसाळ. ऊन आणि पाऊस दोन्हीला एकच. एक विकत घ्यावंसं वाटलं होतं, पण ते विमानात नेणार कसं? पुढच्या खेपेला बातानेसमधल्याच इत्बायात बेटावर जायचं म्हणतोय. 2019 च्या भूकंपात तिथली दगडी घरं बरीच कोसळली. त्या लोकांनी पुन्हा काय बांधलं, ते पाहायचंय. मार्च ते मे हवा त्यातल्या त्यात बरी असते. तुला रजा मिळत असेल तर आत्ताच सांग, तिकिटं लवकर संपतात.

काकूंना नमस्कार, वहिनींना सांग की लसणीची चटणी संपली. धाकट्याची दहावी कशी गेली ते लिही.

तुझाच,
सुऱ्या