छापील प्रत उपडी ठेवल्याबद्दल थँक्यू

मॅडम, तुम्हाला मराठी येत नाही, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणारही नाही, पण समोरासमोर थँक्यू म्हटलं ते आपलं दुकानात सुटे पैसे घेताना म्हणतो तसं झालं, मन काही भरलं नाही, म्हणून इथे आपल्या माणसांत लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. या मॅडम जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात काम करतात. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे मॅसॅच्युसेट्सला आलेली, व्हिसा असा की काम करता येत नाही. पुण्यातून इतिहासात एमए, हौसेने मोडी पण शिकलेली. इथे आल्यावर इथल्याच सेलम गावातल्या १६९२च्या चेटूक खटल्यांचं वेड लागलं. १९ जणांना फाशी, जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं, हे सगळ्यांना माहिती असतं, लोक टोकदार टोप्या घालून तिथे सेल्फी काढतात. मला मात्र कागद बघायचे होते. त्या कोर्टाची मुख्य नोंदवहीच हरवलीये, उरलेत ते सुटे कागद, म्हणजे फिर्यादी, वॉरंट, जबान्या, तुरुंगाची बिलं.

तुमच्या आधी ज्यांच्याकडे गेले त्यांचं काय सांगू! पहिला प्रश्न, कुठल्या युनिव्हर्सिटीच्या? कुठल्याच नाही म्हटलं की विषय संपला. एका विद्वानांनी तर कळवलं की सगळं छापून झालंय, ऑनलाइन आहे, तुमच्यासारख्यांना तेवढं पुरे. तुमच्यासारख्यांना!

आणि तुम्ही काय केलंत, तर त्या कागदांचे मोठे फोटो उघडून दिलेत, सोबत त्यातल्या मजकुराची छापील प्रत आणलीत आणि ती टेबलावर उपडी ठेवलीत. आधी तुम्ही वाचा म्हणालात, अडलं तर ही आहेच. बस, एवढंच. मला वाचता येईल हे तुम्ही धरूनच चाललात. या देशात आल्यापासून माझ्याबद्दल कोणी काही चांगलं धरून चाललं नव्हतं हो.

पहिल्या ओळीनेच घाम काढला. एस हे अक्षर एफसारखं, स्पेलिंग ज्याला जसं सुचेल तसं, तारीख १६९१/२ अशी दोन वर्षांची, कारण त्यांचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. तुम्ही मध्ये बोलला नाहीत, शेजारी आपलं काम करत बसलात, मी हळूच बघितलं तर मान खाली घालून हसत होतात.

मग हळूहळू दिसायला लागलं. जबान्या वेगवेगळ्या माणसांच्या पण अक्षर तेच, परत तेच, वाक्यंही तीच तीच! ते अक्षर थॉमस पुटनमचं, ज्याची मुलगी अ‍ॅन आरोप करणाऱ्यांत सगळ्यात पुढे. आणि चौकशीची कितीतरी टिपणं पाद्री सॅम्युएल पॅरिसच्या हातची, ज्याच्या घरातच मुलींना झटके यायला सुरुवात झाली होती. म्हणजे फिर्यादीही तेच आणि कारकूनही तेच. छापील पानावर सगळ्यांचा टाइप एकसारखा, तिथे तळटीप वाचून हे कळतं, पण असं अंगावर येत नाही.

विल्यम गुडचा १७१०चा नुकसानभरपाईचा अर्ज मात्र मला एका दमात वाचवला नाही. बायको साराला फाशी दिलं, अंगावर पिणारं बाळ त्याआधीच तुरुंगात दगावलं, आणि चार-पाच वर्षांची मुलगी ७-८ महिने कैदेत, कोठडीत साखळीने बांधलेली, तेव्हापासून तिला स्वतःचं भान नाही असं बाप लिहितो. (हाच नवरा १६९२मध्ये बायको चेटकीण असेल किंवा लवकरच होईल असं बोलला होता, ते सोयीस्कर विसरलेला.) मुलीचं नाव डोरोथी. मॅजिस्ट्रेट हॅथॉर्नने अटकेच्या वॉरंटात चुकून डॉर्कस लिहिलं आणि पुढे कित्येक पुस्तकांत तेच चालू राहिलं. तुरुंगाच्या बिलात साखळ्यांचे १४ शिलिंग आणि सारा गुडच्या लेकरासाठी २ ब्लँकेटं, १० शिलिंग. माझं वाचन थांबलेलं तुम्हाला कळलं, पण तुम्ही काही विचारलं नाहीत, सांत्वनही केलं नाहीत, त्याबद्दलही थँक्यू, कारण कोणी बोललं असतं तर मी तिथेच रडले असते.

खरं सांगू का, माणूस चांगला असायला फार काही लागत नाही. तुमच्याकडे नियम होते, ते तुम्ही पाळलेत, मला एकही सवलत दिली नाहीत. त्या आधीच्या लोकांकडेही तेच नियम असणार ना? मग त्यांना सरळ बोलायला काय पैसे पडत होते? आणि त्यांच्या नावापुढे पदव्या, तुमच्या नावाची साधी पाटीही नाही टेबलावर.

आता मी अँडोव्हरच्या अ‍ॅन फॉस्टरच्या मुलाच्या अर्जावर आहे. ती म्हातारी तुरुंगातच वारली आणि मुलाला आईचं प्रेत ताब्यात मिळण्याआधी जेलरचे पैसे भरायला लागले. तिसऱ्या ओळीतला एक शब्द काही केल्या लागत नाहीये. गुरुवारी येतेच.