ओसरीची उंची कळवा

बेलापूर, नवी मुंबई
रविवार, दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, तरी हे पत्रातच लिहायचं ठरवलं. फोनवर नव्या घराचा विषय काढला की बाबा "तुमचं घर आहे, तुम्ही ठरवा" म्हणतात आणि आई लगेच विचारते, "जेवलात का?" माझं सांगायचं तसंच राहतं. आज रिकाम्या फ्लॅटमध्ये चटई टाकून बसले आहे. चिऊ तिच्या बाबांबरोबर खाली खेळायला गेली आहे. सुतार शुक्रवारी येणार, त्याआधी तुमच्याकडून तीन मापं हवी आहेत. ती का हवी आहेत, ते नीट सांगते.

आधी एक वाईट बातमी. दसऱ्याला ताबा मिळाल्यावर आम्ही एका इंटिरिअरवाल्याला टोकन देऊन बसलो होतो. त्याने कॉम्प्युटरवर चित्रं करून दाखवली. हॉलला फॉल्स सीलिंग, त्यात लपवलेले दिवे, आरशासारखी चकचकीत पांढरी कपाटं, जमिनीलगत लांबलचक राखाडी सोफा. चित्र देखणं होतं, मलाही आवडलं होतं. रात्री झोप येईना, म्हणून त्या चित्रात एकेकाला बसवून बघायला लागले. बाबा, तुम्हाला त्या सोफ्यावर बसवलं आणि तिथेच अडले. दिवाळीत आमच्या भाड्याच्या घरातल्या सोफ्यावरून उठताना तुम्ही दोन्ही हात टेकलेत, तरी उठता आलं नाही, शेवटी जावयाचा हात धरलात. "गादी फार मऊ आहे" म्हणालात. तुम्ही गेल्यावर मी टेप लावून बघितली. बसायची जागा जमिनीपासून चौदा इंचावर होती. खुर्चीची बैठक साधारण १७-१८ इंचांवर असते, आणि गुडघे दुखणाऱ्याला त्याहून थोडी उंचच बरी पडते. दोष गादीचा नव्हता.

ते काम आम्ही थांबवलं. टोकनचे पैसे परत मिळाले नाहीत. आई, तुला हळहळ वाटेल, पण तुमच्यापासून लपवायचं नव्हतं.

त्यानंतर मी एक केलं. सलग तीन रविवार इथे येऊन नुसती बसले. दर तासाला ऊन जिथे पोचेल तिथे जमिनीवर खडूने खूण करायची आणि वेळ लिहायची. खिडकी दक्षिणेला आहे. या थंडीच्या दिवसांत ऊन पार हॉलच्या मध्यापर्यंत आत येतं. मे महिन्यात सूर्य आपल्या डोक्यावर असतो, तेव्हा ते खिडकीबाहेरच राहील. म्हणजे हिवाळ्यात उबेला आणि उन्हाळ्यात वाऱ्याला बसायची जागा एकच, ही खिडकी. तिथे बसल्या बसल्या आपली ओसरी आठवली. चौकाकडे पाय सोडून बसलेले तुम्ही, शेजारी चहाची कपबशी, आणि आत-बाहेर करणारी आई. या घरात काय हवं ते मला त्या दिवशी कळलं: या खिडकीत ओसरीएवढ्या उंचीचा कट्टा. एखादी स्टाइल निवडायची नव्हती. आपण जिथे जिथे सुखाने बसलो, जेवलो, टेकलो, त्या जागा आठवायच्या होत्या.

बाबा, तुमची ती खाकी पुठ्ठ्याची डायरी अजून आहे ना? धोम धरणावर नोकरीला होतात, तेव्हापासूनची मोजायची सवय तुमची. सुट्टीत कुठेही गेलो की लोक देवळासमोर फोटो काढायचे आणि तुम्ही पायरीची उंची वितीने मोजून डायरीत लिहायचात. मला तेव्हा लाज वाटायची. आता वाटतं, आपण प्रवासातून शोभेच्या वस्तू फारशा आणल्या नाहीत, पण मापं भरपूर आणली.

तिरुअनंतपुरम आठवतं? बसस्टँडजवळचं ते विटांचं गोल कॉफी हाउस. आत जिना नाहीच, एकच उतार गोल गोल वर चढत जातो आणि त्याच्या कडेने बांधीव टेबलं नि बाकं. मी दहा वर्षांची होते, वरपर्यंत धावत गेले आणि वेटरची बोलणी खाल्ली. आईने मसाला डोसा मोडला तर आत लालभडक बिटाची भाजी! तू आधी घाबरलीस, मग चवीने खाल्लीस, आणि घरी आल्यावर महिनाभर बटाट्याच्या भाजीत बीट घालत होतीस. बाबा मात्र भिंतीशी उभे. विटा मुद्दाम सोडून केलेली जाळी होती ती. तुम्ही तिथे हात धरलात आणि म्हणालात, "बघ, वारा येतोय. खिडकीचा खर्चच नाही."

ती इमारत वास्तुविशारद लॉरी बेकर यांची, हे मला पुढे कळलं. जन्माने इंग्रज, १९१७ चे, भारतात आले आणि इथलेच झाले. २००७ मध्ये तिरुअनंतपुरमलाच वारले. त्यांची एक पद्धत तुम्हाला फार आवडेल. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, म्हणजे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा जवळजवळ पाव हिश्श्याने वाचतात आणि पोकळीमुळे उन्हाचा ताप आत कमी येतो. फ्लॅटमध्ये मला विटा लावता येणार नाहीत, सोसायटीची परवानगीही मिळणार नाही. पण दाराशी चपलांचं कपाट होतंय, त्याची दारं सबंध प्लायची न करता लाकडी जाळीची करून घेते आहे. इथला पावसाळा तुम्ही बघितलाय. बंद कपाटात चार महिन्यांत चपलांवर हिरवी बुरशी धरते. त्याच कारणाने बाहेरच्या भिंतीला एकही कपाट चिकटवून लावू द्यायचं नाही, मागे इंचभर जागा सोडायची, असं सुताराला सांगितलं आहे.

आता कोनाड्याचं. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात आपण किती वेळा गेलो असू! सहा चौकांचा तो वाडा आणि भिंतींवरची चित्रं बघायला पाहुणे आले की हमखास नेणं व्हायचं. मला चित्रांपेक्षा भिंतीची जाडी आवडायची. भिंत एवढी रुंद, की तिच्या पोटातच वस्तू ठेवायची सोय. आपल्या घरातही तेच. आईच्या उशाशी असलेल्या कोनाड्यात तिचा चष्मा, बामची बाटली, लाइटचं बिल, सुईदोरा आणि रात्री पाण्याचा तांब्या. अंधारात हात लांबवला की हवं ते सापडायचं, आणि वाटेत काही येत नसल्यामुळे पाय ठेचकाळायचा नाही.

इथल्या भिंती चार इंची. त्यात कोनाडा कोरायचा म्हणजे पलीकडच्या खोलीत निघू. म्हणून तुमच्या खोलीत पलंगाच्या डोक्याकडे भिंतीला लागून नऊ इंच खोल लाकडी चौकट उभी करून तिच्यात कोनाडे ठेवणार आहे. दोघांच्या उशाशी एकेक. दिव्याचं बटण कोनाड्याच्या आत, म्हणजे रात्री उठून भिंत चाचपायला नको. बाजूला छोटी टेबलं नाहीत. तुमची खोली म्हणजे कुठली, असं विचारू नका. दोन बेडरूमपैकी जिला सकाळचं ऊन मिळतं ती.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तमिळनाडूत चेट्टिनाडला गेलो होतो, तेव्हा फोटो पाठवले होते. पण आत्तंगुडी गावात जे बघितलं ते फोटोत आलं नाही. तिथे फरशा हाताने करतात. कारागीर खाली मांडी घालून बसलेला. त्याच्यापुढे काचेचा चौकोनी तुकडा, काचेवर लोखंडी चौकट, चौकटीत नक्षीचा पत्र्याचा साचा. साच्याच्या एकेका कप्प्यात तो डावाने रंगीत सिमेंटचं पातळ मिश्रण सोडत होता, पिवळं, हिरवं, काळपट तांबडं. साचा अलगद वर उचलला, तर रंग एकमेकांत मिसळलेच नाहीत! त्यावर त्याने कोरडी वाळू-सिमेंट मुठीने भुरभुरली, वर ओला माल घालून थापीने सारखा केला आणि फरशी बाजूला ठेवली. भट्टी नाही. सुकली की फरशी पाण्याच्या टाकीत मुरवतात. फरशीचं तोंड सगळा वेळ खाली काचेकडे असतं. शेवटी काच सुटते तेव्हा ती गुळगुळीत चमक काचेची उतरलेली असते, पॉलिश केलेली नसते. आपल्याकडे दिवाळीत किल्ल्याला पाणी मारताना तुम्ही जशी घाई करू द्यायचा नाहीत, तशी तिथे कुणालाच घाई नव्हती. चिऊ तासभर तिथून हलली नाही.

त्या फरशा मी फक्त बाल्कनीपुरत्या मागवल्या. आत सगळीकडे बिल्डरने घातलेलीच फरशी राहील. ती उखडायची, डेब्रिस टाकायला पैसे द्यायचे आणि वर्षानुवर्षं टिकेल असं काही कचऱ्यात घालायचं, हे मला पटत नाही. शिवाय फरशी हाताने केलेली असली की थोड्याशाच जागेतही डोळा तिच्यावर रेंगाळतो.

रंगाचं उत्तर मात्र घराजवळच मिळालं. थंडीत नेरूळच्या पाणथळीत रोहित पक्षी येतात. ओहोटीला बघायला गेलो. नजर पोचेल तिथवर चिखल, तपकिरी, राखाडी, मध्येच चंदेरी. पक्षी उभे असतात तेव्हा लांबून पांढुरकेच दिसतात. थवा उडाला की पंखांतला गुलाबी रंग क्षणभर उघडतो. एवढ्याशा गुलाबीसाठी केवढा मोठा चिखल मागे असावा लागतो, असं मनात आलं. घरी येऊन रंगाच्या कार्डावरचे गडद रंग मी खोडले. भिंती सगळ्या त्या सुकत्या चिखलाच्या फिकट रंगाच्या. झगझगीत रंग खिडकीतल्या कट्ट्यावर, आणि तोही आईने शिवलेल्या वाकळेचा. ती काळ्या-तांबड्या लुगड्यांची, कडेला निळा काठ असलेली. आई, ती जपून ठेवली आहेस ना? बाजारात विकत मिळणारी नको, तीच हवी.

रविवारी सकाळी आम्ही चालायला इथल्या आर्टिस्ट्स व्हिलेजला जातो. पुढच्या वेळी तुम्हालाही नेईन. नवी मुंबईच्या मूळ कल्पनेत ज्यांचा हात होता त्या चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी ही वसाहत आखली. सात-सात घरांचा एक पुंजका, मध्ये साधारण आठ मीटर लांब-रुंद चौक. तीन पुंजके मिळून एक मोठा चौक. घरांना सामाईक भिंती नाहीत, म्हणजे ज्याला जमेल तेव्हा त्याने आपलं घर वाढवावं. लोकांनी खूप बदल केलेत, काही घरं तर ओळखू येत नाहीत. पण चौक बऱ्याच ठिकाणी टिकलेत. परवा एका चौकात एक आजी पायरीवर बसून मेथी निवडत होत्या आणि समोरच्या पायरीवरची बाई त्यांच्याशी बोलत होती. कुणाला उठावं लागत नव्हतं, ओरडावंही लागत नव्हतं. मी पावलांनी मोजलं. बाबा, तुमचीच मुलगी मी. आपल्या चौकापेक्षा तो थोडाच मोठा आहे.

तेव्हाच ठरलं, की स्वयंपाकघर आणि खिडकी यांच्या मधली भिंत अर्धी उघडायची. ती भार घेणारी नाही, इंजिनिअरकडून तपासून घेतलंय आणि सोसायटीचं पत्रही मिळालंय. कट्ट्यावर बसलेल्या बाबांशी ओट्यापाशी उभ्या आईला आवाज न चढवता बोलता येईल.

आणि ओटा. आई, इथला तयार ओटा चौतीस इंचांचा आहे. मला बरोबर पडतो, पण गेल्या खेपेला तू पोळ्या लाटताना खांदे वर उचलून लाटत होतीस आणि संध्याकाळी मान धरून बसलीस. आपल्याकडे बाबांनी तुझ्या मापाचा तीस इंची ओटा करून घेतलाय, म्हणून तिथे तुला काही होत नाही. ओटा उभ्या माणसाच्या कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावा म्हणतात. गॅस आहे तिथेच राहील. पण खिडकीकडच्या बाजूला तुझ्या मापाचा कडाप्प्याचा दोन फुटांचा तुकडा खाली बसवून घेते. पोळ्या तिथे लाटायच्या. चिऊलाही तो पुरेल.

तर मला एवढंच हवं आहे. बाबा, ओसरीची उंची. चौकातल्या दगडापासून ओसरीच्या कडेपर्यंत, तुम्ही नेहमी बसता त्या खांबाजवळ. तिथे दगड मोरीकडे उतरता आहे, म्हणून दोन ठिकाणी मोजा. ओसरीची रुंदीसुद्धा, म्हणजे पाठ टेकून मांडी घालता येईल एवढा कट्टा मला ठेवता येईल. आई, तू अनवाणी भिंतीला टेकून उभी राहा, हात कोपरात दुमडून धर आणि कोपरापासून जमिनीपर्यंत माप घे. गुरुवारी रात्री फोनवर सांगितलंत तरी चालेल, सुतार शुक्रवारी सकाळी प्लाय कापायला घेणार आहे.

डायरी कुरिअरने पाठवू नका, येताना बरोबर आणा.

तुमची लेक

ता. क. : बाबा, मोजायला खाली वाकू नका. टेपचं खालचं टोक आईला धरू द्या, आकडा तुम्ही वाचा.