ताप उतरल्यानंतरचे चोवीस तास

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

फ्लूची साथ आली की हॉस्टेलमध्ये सगळे शिंकणाऱ्यांपासून लांब राहतात. पण फ्लू झालेली व्यक्ती त्रास सुरू होण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून विषाणू पसरवू लागते आणि पुढे पाच ते सात दिवस पसरवत राहते. शेजारच्या पलंगावरची मैत्रीण आज ठणठणीत दिसते एवढ्यावर विसंबू नकोस.

खोलीची खिडकी आणि समोरचं दार, दोन्ही उघडी ठेव. एकच उघडं असलं तर हवा पुरेशी खेळत नाही. भिंतीवरचा एसी बहुतेक वेळा खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, त्याला ताजी हवा समजू नकोस. पलंग लागून असतील तर एकीच्या डोक्याकडे दुसरीचे पाय येतील असं झोपा.

लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून साथीची वाट पाहू नकोस.

हात साबणाने 20 सेकंद धू. सॅनिटायझरमध्ये किमान 60 टक्के अल्कोहोल हवं आणि तो हातावरच वाळू द्यायचा. ओला असताना पुसला तर फुकट गेला. नळ, कड्या, लिफ्टची बटणं अशा गुळगुळीत पृष्ठभागांवर हा विषाणू 24 ते 48 तास टिकू शकतो. मोबाइलही त्यातच आला, तो पुसायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साथ पसरते ती पॅरासिटामॉल घेऊन वर्गात बसणाऱ्यांमुळेही. गोळीने ताप चार ते सहा तास दबतो, विषाणू तसाच राहतो. म्हणून गोळी न घेता सलग 24 तास ताप आला नाही, तरच बाहेर पड. सोमवारी रात्री आठला शेवटची गोळी घेतली असेल, तर मंगळवारी सकाळी अंग गार लागलं तरी वर्गात जाऊ नकोस. दिवसभर तीन-चार वेळा थर्मामीटर लाव, बुधवारी सकाळी ठरव. 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त म्हणजे ताप. हात लावून अंदाज करू नकोस. बाहेर पडल्यावरही पुढचे काही दिवस मास्क लाव. परीक्षा असेल तर आधीच विभागाला कळव, अंगात ताप घेऊन पेपरला बसू नकोस.

सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, वेष्टन वाच. सगळं धरून 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर गेलं तर यकृताला धोका. ॲस्पिरिन तुझ्या वयात फ्लूमध्ये नकोच. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. विषाणूवरचं औषध डॉक्टरांनी दिलं तर ते पहिल्या 48 तासांत सुरू झालेलं सर्वांत उपयोगी. खोलीत कुणाला दमा असेल तर तिने पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, असंबद्ध बोलणं, किंवा बरं वाटून पुन्हा ताप आणि खोकला वाढणं, यातलं काहीही दिसलं, तुला किंवा दुसऱ्या कुणाला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी वॉर्डनला उठव आणि दवाखाना गाठ. मला नंतर फोन केलास तरी चालेल.

तुझी,
आई