पाच आणे चार पै : तलाठी तात्यांना जाहीर आभारपत्र

ती. तात्या,
सा. न. वि. वि.

पाकीट तुम्ही परत पाठवलंत. पेढे ठेवून घेतलेत, पण आमची पाठ वळायच्या आत ते अंगणातल्या पोरांना वाटूनही टाकलेत. मग मी म्हटलं, चार लोकांसमोर आभार मानून टाकावेत, ते काही परत करता येत नाहीत. रागवायचं असेल तर खुशाल रागवा.

तात्या कोण, हे आधी बाकीच्यांना सांगते. तात्या आमच्या शेजारच्या गावचे. उभी नोकरी तलाठी म्हणून केली. आमच्या भागात तलाठ्याला तात्याच म्हणतात, त्यामुळे निवृत्त झाले तरी नाव तेच राहिलं. दप्तरातले जुने कागद वाचता यावेत म्हणून ऐन नोकरीत मोडी शिकले. आता लोक पिशव्या भरभरून कागद घेऊन त्यांच्या ओसरीवर येतात आणि तात्या भिंग पुसत विचारतात, “भांडण आहे की नुसती हौस?” भांडण असेल तर आधी चहा.

आमचं भांडण होतं. सामाईक विहीर एक आणि घरं तीन, थोरल्याचं, मधल्याचं आणि धाकट्याचं. आजोबांच्या पिढीत पाण्याची पाळी तोंडीच चालायची. पुढे मोटेच्या जागी मोटर आली, माणसं शहरात गेली, पाळीवरून कुरबुर सुरू झाली. कुणीतरी जुन्या फेरफाराची नक्कल काढून आणली. तीत प्रत्येकाच्या नावापुढे विहिरीतला हिस्सा लिहिलेला : ५ आ. ४ पै. आमच्या चुलतभावाने मोबाइलवर गणित मांडलं. पाच पूर्णांक चार गुणिले तीन, म्हणजे सोळा पूर्णांक दोन. रुपयाचे आणे तर सोळाच. “मग ही पॉइंट दोन कुणाच्या नावावर जास्तीची चढली?” तेवढ्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं.

तात्या, तुम्ही ती नक्कल बघून एवढंच विचारलंत, “आण्याचे पै किती?” आमच्यातल्या एकालाही सांगता येईना. मग तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलंत : आण्याचे १२ पै, रुपयाचे १६ आणे, म्हणजे रुपयाचे १९२ पै. त्याचे तीन सारखे वाटे केले की ६४ पै. आणि ६४ पै म्हणजे ५ आणे ४ पै. बरोबर एक तृतीयांश, वर शिल्लक काही नाही. ज्याने ती नोंद केली त्याने तीन भावांना काटेकोर सारखं दिलं होतं, आणि आम्ही त्याच नोंदीवरून एकमेकांना चोर ठरवत होतो.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले. हिशेब सोपा झाला हे खरंच, मी काही जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांतली नाही. पण शंभराचे तीन वाटे करा बघू. तेहेतीस, तेहेतीस, तेहेतीस आणि एक पैसा खाली पडतो. तीन भावांच्या घरात तेवढा एक पैसा पुरतो, हे आम्ही अनुभवलं आहे. आता नऊ दिवसांचा फेर ठरलाय, प्रत्येक घराला तीन दिवस. बोलणंही सुरू झालंय, निदान लाईट कधी येणार एवढ्यापुरतं.

त्याच बैठकीत तुम्ही आण्याची दुसरी गोष्ट सांगितलीत, ती मला त्याहून आवडली. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, हे आम्ही प्लॉटच्या जाहिरातींमुळे पाठ केलेलं. हजार नाही, अकराशे नाही, हा मधलाच आकडा का, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत की मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचेही भाग सोळा, त्यांनाही नाव आणेच. सोळा आणे लांब नि सोळा आणे रुंद असा तुकडा घेतला की एक गुंठा. तेहेतीस गुणिले तेहेतीस. असे चाळीस झाले की एकर. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी मोजणीची जी घडी बसवली, ती अजून आमच्या बांधांवर आहे. सातबारावर आता हेक्टर-आर लिहितात, पण आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा भरतो १०१ ला थोडा वर. त्यामुळे माणसं आर वाचतात नि गुंठा म्हणतात, कुणाचं फारसं बिघडत नाही. “एकरी अर्धा गुंठाही फरक पडत नाही,” तुम्ही म्हणालात आणि लगेच पुस्ती जोडलीत, “पण बांध कोरणाऱ्याला तेवढा पुरतो.”

आता कागदाकडे येते. खरे आभार त्याचेच मानायचे आहेत.

आमच्या देवघरात लाल फडक्यात गुंडाळलेला एक मोडी कागद होता. ‘सनद’ म्हणून दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. कुठल्यातरी पराक्रमाबद्दल जमीन इनाम मिळाल्याचा तो पुरावा, असं घरात सगळे धरून चाललेले. वाटणीचा विषय निघाल्यावर त्या जमिनीचा शोध घ्यायचंही ठरलं. चुलतभावाला कागदावर आकडा दिसला : २३॥। त्याने तो तेवीस हजार एकशे अकरा वाचला. त्या जुन्या काळातले तेवीस हजार! दोन दिवस घरात निराळंच वारं होतं.

तुम्ही कागद उन्हाकडे तिरपा धरलात. आधी वाचलं नाहीतच, नुसतं बोट फिरवत राहिलात. मग आम्हाला दाखवलंत : आधी आडवी ओळ मारून घेतलेली आणि तिला लटकवल्यासारखी अक्षरं. शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, बोरू शक्य तोवर उचललेलाच नाही. एका जागी शाई दाट नि पुढे फिकट होत गेलेली. “इथे बोरू बुडवला, इथे संपला, इथे परत बुडवला.” अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हाताची हालचाल मला तेव्हा दिसली, तीही भर दुपारी, पंख्याखाली.

मग तारीख. ‘सीत सबैन मया व अलफ’. मला वाटलं मंत्रबिंत असेल. तुम्ही उलगडून सांगितलंत : सीत म्हणजे सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११७६. हा शुहूर सन, त्यात ५९९ मिळवायचे की इसवी सनाचं १७७५-७६ येतं. आकडे अरबीतले, लिहिणारा मराठी आणि वर्ष सुरू होतं सूर्य मृगात गेला की. म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. पेरणी आली की नवं वर्ष. शेतकऱ्याला आणि सारा गोळा करणाऱ्याला याहून सोयीचं वर्ष कुठलं? पानिपतचं सालही कागदोपत्री असंच लिहिलेलं सापडतं, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत : इहिदे सितैन मया व अलफ, ११६१. शाळेत मी १७६१ घोकलं होतं. ११६१ मध्ये ५९९ मिळवले तर १७६० येतात म्हणून मी बोट ठेवलं, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, “लढाई जानेवारीतली. मृग पुढचा यायचा होता.”

आणि आता सनद. ती एका बैलजोडीची खरेदी निघाली. दोन बैल, एक कोसा, एक ढवळा, एक चारदाती, दुसरा सहादाती. ढवळ्याच्या डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं, तेही नोंदवलेलं, म्हणजे मागाहून तक्रार नको. आकड्यापुढच्या तीन उभ्या रेघा म्हणजे पाऊण. तेवीस आणि पाऊण, पावणेचोवीस रुपये. खाली सही नाही, नांगराची निशाणी. वाणी असता तर तराजू काढला असता, न्हावी असता तर आरसा.

आमच्या घरातल्या तेव्हाच्या शांततेचं वर्णन करत नाही. मधल्या काकू पहिल्यांदा हसल्या. “म्हणजे इतकी वर्षं आपण बैलाच्या पावतीला हळदकुंकू वाहिलं?” तुम्ही म्हणालात, “वाहिलंत ते बरं केलंत, म्हणून तर राहिली. सनदा वाळवीने खाल्ल्या.” त्याच सालात, १ मार्च १७७६ ला, पुरंदरचा तह झाला. त्याचे कागद मोठमोठ्या दप्तरांत आहेत, त्यावर पुस्तकंही आहेत. पण त्या वर्षी आमच्या शिवारात बैलाची जोडी पावणेचोवीसला मिळत होती, हे फक्त आमच्या देवघरात होतं. मला तर इनाम जमिनीपेक्षा हेच जास्त आवडलं. चुलतभावाला विचारू नका.

संध्याकाळी तुम्ही स्वतःहून म्हणालात, चला मारुतीकडे. देवळामागे तिरका टेकलेला दगड आम्ही लहानपणापासून पाहतोय. त्याला वीर म्हणायचं, लग्नात नारळ ठेवायचा, यापलीकडे काही माहीत नव्हतं. तुम्ही अंधार पडायची वाट पाहिलीत आणि मग मोबाइलची बॅटरी दगडाच्या कडेला धरलीत, समोरून नाही, अगदी बाजूने. जिथे सपाट दगड होता तिथे माणसं उभी राहिली. लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा असा दगड म्हणजे वीरगळ. “वीरगळ खालून वर वाचायचा,” तुम्ही सांगितलंत. सगळ्यात खाली ढाल-तलवार घेतलेला माणूस, समोर दोघे आणि त्याच्या पाठीशी गाई. एकीची मान वळलेली, शिंगं नीट मोजता येतात. त्यावरच्या चौकटीत दोन अप्सरा त्याला दोन बाजूंनी धरून नेताहेत. त्याच्या वर तो पिंडीसमोर हात जोडून बसलाय. टोकाला कलश, बाजूला चंद्र-सूर्य. गावची गुरं वळवून नेत होते, हा आडवा गेला आणि मेला. नाव नाही, साल नाही. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांवर जहाजांची लढाई कोरली आहे, कारण तिथे समुद्र होता. आमच्याकडे होती गुरं.

तिथे जमलेल्या एका पोराने उत्साहाने विचारलं, ॲसिड टाकून शेंदूर काढू का, स्वच्छ दिसेल. तात्या, तुमचा आवाज मी तेव्हाच काय तो चढलेला ऐकला. ॲसिड नाही, तारेचा ब्रश नाही, ऑइलपेंट तर नाहीच. आणि दगड उचलून कुणाच्या बंगल्यात शोभेला न्यायचा नाही. शेंदूर राहू द्या, लोकांना हात जोडू द्या, फक्त पायथ्याशी पाणी साचू देऊ नका. पुरातत्त्व, श्रद्धा नि गवंडीकाम, सगळं एका वाक्यात बसवलंत. तेवढी चर आम्ही आता काढली आहे. सरपंचांनी जेसीबी देऊ केला होता, तो तुमच्या नावाने नाकारला. फावड्याने भागलं.

परतताना बोलणं इकडून तिकडे गेलं. पंचायतीच्या पाण्याचा स्टार्टर ज्या मोडक्या भिंतींत बसवलाय तो जुना कोंडवाडा, हे मला माहीत होतं. पण त्यामागे १८७१ चा कायदा आहे, दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर डांबायचं, धन्याने दंड आणि वैरणीचा खर्च भरून सोडवायचं, नाही आला तर लिलाव, हे सगळं तुम्ही कलमांसकट सांगत होतात. खळ्यावर पायलीने धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात आणि दोनापासून मोजणी पुढे चालू होते, ही आठवण काकूंनी काढली. शिगेचं, म्हणजे वर रास आलेलं माप कुणाला नि काठोकाठ कुणाला, यावरून तुमचं आणि त्यांचं जे जुंपलं ते फाटकापर्यंत चाललं. त्यात मी पडले नाही. दोघांच्या गावची पायली वेगळी असणार, हे मला उघड दिसत होतं.

तात्या, तुम्ही आमच्याकडून एक पैसा घेतला नाहीत. फक्त कागदाची रंगीत झेरॉक्स मागितलीत, ती या पत्रासोबत येते आहे. मूळ कागद लॅमिनेट करायला एक जण निघालाच होता, तुमचं नाव घेऊन थांबवला. बिनॲसिडच्या कागदात ठेवलाय, घडी उलगडून, तुम्ही सांगितलंत तसा. फडकं मात्र तेच लाल आहे, आणि दसऱ्याला पूजा होणार आहे. काकू ऐकत नाहीत. या वर्षी बैलांच्या नावाने करणार म्हणतात.

एक काम आहेच. काकूंच्या माहेरी माळ्यावर कागदांचं बोचकं निघालंय, उंदरांनी कडा खाल्लेलं. त्यांच्या भावाला त्यात वतन दिसतं. दिवाळीनंतर घेऊन आलो तर चालेल का? चहा आम्ही थर्मासमधून आणू, बिनसाखरेचा, डॉक्टरांनी सांगितलाय तसा. भांडण आहे की हौस, ते अजून ठरायचंय. कळवावे.

आपली,
थोरल्या घरातली धाकटी