युद्धवार्ताहराचा शोध आणि वाचनालयातील रद्दी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रणभूमीवर प्राण गमावलेल्या वार्ताहरांविषयीचा लेख वाचला. लेख चांगलाच आहे, पण त्यात कर्नल उन्नी नायर यांना वार्ताहर म्हटले आहे, ते तपासून घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात ते भारतीय लष्कराच्या प्रसिद्धी विभागाचे काम पाहत. मात्र १२ ऑगस्ट १९५० रोजी कोरियात वेग्वानजवळ त्यांची जीप सुरुंगावर गेली, तेव्हा ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या कोरियाविषयक आयोगावर भारताच्या वतीने काम करत होते. वार्ताहर होते ते त्याच जीपमधील दोघे, लंडनच्या ‘टाइम्स’चे इयान मॉरिसन आणि ‘डेली टेलिग्राफ’चे ख्रिस्तोफर बकली. तिघांचा शेवट एकाच सुरुंगाने झाल्यामुळे पुढच्या मजकुरात तिघांचा पेशाही एक होऊन बसला, एवढेच.

अशा माणसांचा अभ्यास करताना मृत्यूची तारीख सर्वांत आधी हाती लागते आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते, कारण एकाने लिहिलेला मृत्युलेख दुसरा उतरवून घेतो आणि त्यामागची वीस-पंचवीस वर्षांची लेखणी कोणी उघडूनच पाहत नाही. ती पाहायची तर जुने अंकच चाळावे लागतात. तेथेही नाव शोधून भागत नाही. ‘टाइम्स’ने १९६७ पर्यंत आपल्या वार्ताहरांची नावे बातमीवर छापली नाहीत, त्यामुळे मॉरिसन यांचा मजकूर ओळखायचा तो बातमीवरील गाव व तारीख त्यांच्या प्रवासाशी ताडून. कबरीचाही भरवसा धरू नये. २४ मार्च १९४४ रोजी मणिपूरच्या डोंगरात ब्रिटिश सेनानी जनरल विंगेट यांचे विमान कोसळले, त्यात स्ट्युअर्ट एमेनी आणि स्टॅन्ली विल्स हे दोन ब्रिटिश वार्ताहरही गेले. अवशेष वेगळे करता येईनात आणि विमानाचे कर्मचारी अमेरिकी, म्हणून ते सर्व १९५० मध्ये अमेरिकेतील आर्लिंग्टनच्या दफनभूमीत नेण्यात आले. इम्फाळला जाऊन त्यांची कबर शोधणाऱ्याने काय करावे?

कापसाच्या पट्ट्यात बसून तुम्हाला कोरियाची उठाठेव कशाला, असे आमच्याकडे विचारतात. पण त्या युद्धाची खबर आमच्या तालुक्यापर्यंत कोणत्या शब्दांत पोहोचली, मारल्या गेलेल्या भारतीय अधिकाऱ्याला येथील वाचकाने कोण म्हणून ओळखले, हे लंडनच्या दप्तरात सापडणार नाही. ते नागपूर-अमरावतीकडून येणाऱ्या मराठी अंकांतच असणार. त्यासाठी आमच्या भागातील एका जुन्या वाचनालयात गेलो. १९५० च्या पूर्वार्धाचा बांधीव खंड होता. पुठ्ठ्याला कसर लागलेली, घडीवरचा कागद तांबूस पडून पान उलटताना त्याचा चुरा हातात येत होता, तरी अक्षर वाचता येत होते. त्यापुढचा खंड मात्र जागेअभावी रद्दीत दिल्याचे सांगण्यात आले. रद्दीवाल्याने तो किलोवर घेतला असणार, त्याला काय दोष द्यायचा?

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गानुसार अनुदान मिळते. या व्यवस्थेतच आणखी एक अट घालता येईल: पन्नास वर्षांपूर्वीचे कोणतेही नियतकालिक जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या लेखी संमतीवाचून निकाली काढू नये आणि काढण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत. साध्या मोबाइलवरही पान स्वच्छ येते. हवा आहे तो उजेड आणि एखादा धीराचा विद्यार्थी.

विदर्भातील कोणाच्या माळ्यावर, वाड्यात किंवा संस्थेत जुलै ते सप्टेंबर १९५० चे मराठी अंक असतील, तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. अंक मागणार नाही. तेथेच बसून उतरवून घेईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ