कॉस्टिक सोड्याच्या पिशवीत कॉस्टिक पोटॅश : ती खेप तातडीने परत मागवा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
साबणाच्या कच्च्या मालाचा ऑनलाइन विक्री विभाग

विषय : 'कॉस्टिक सोडा फ्लेक्स ९८%, ५ किलो' या पिशवीत वेगळेच रसायन आल्याबद्दल तक्रार, आणि त्या खेपेच्या सर्व ग्राहकांना सावध करण्याची मागणी

महोदय,

मी सावंतवाडीत राहते आणि घरी साबण करून विकते. आपल्याकडून मागवलेल्या कॉस्टिक सोड्याच्या सीलबंद पिशवीत कॉस्टिक सोडा नव्हता, कॉस्टिक पोटॅश होता. सोडियम हायड्रॉक्साइडच्या नावाखाली पोटॅशियम हायड्रॉक्साइड. हे मी याआधी ईमेलने कळवले. आपल्याकडून आलेली उत्तरे माझ्या कृतीतल्या चुका शोधणारी आहेत. आपल्या गोदामात काय झाले, याबद्दल त्यांत एक ओळ नाही. म्हणून हे सविस्तर पत्र.

माझे नुकसान झाले आहे आणि त्याची भरपाई मी मागणारच आहे. पण त्याआधीचा प्रश्न असा, की सोड्याच्या पिशवीत पोटॅश गेला असेल तर पोटॅशच्या पिशवीत काय गेले? आपण दोन्ही रसायने सुटी घेऊन लहान पिशव्यांत भरता आणि एकाच पानावर विकता. दोन्हींचे पांढरे पापुद्रे दिसायला इतके सारखे, की नुसते पाहून कोणालाच फरक सांगता येणार नाही. लेबलांची अदलाबदल झाली असेल तर माझ्या उलट बाजूची पिशवी आज कोणाच्या तरी घरात असणार, आणि ती माझ्या पिशवीपेक्षा कितीतरी धोक्याची आहे. का, ते पुढे आकड्यांनिशी लिहिले आहे.

आधी माझ्याकडे काय घडले ते सांगते. गणपती उरकले की आम्ही दिवाळीच्या साबणाला बसतो. थंड पद्धतीचा, म्हणजे न शिजवता केलेला साबण मुरायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे अभ्यंगस्नानाचा साबण नरक चतुर्दशीला लोकांच्या हातात पडायचा तर सगळी ओतणी आधीच आणि एकदम करावी लागते. यंदा २४ किलो तेल एकाच दिवशी ओतले. एक किलो तेलाचे माझे प्रमाण ६०० ग्रॅम घाण्याचे खोबरेल, ३०० ग्रॅम तिळाचे तेल आणि १०० ग्रॅम एरंडेल असे आहे, आणि त्यात उटण्याची पूड पडते : आंबेहळद, नागरमोथा, वाळा, संत्र्याची साल. या तेलांना पूर्ण साबण होण्यासाठी साधारण १६२ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. त्वचेला थोडे तेल मोकळे राहावे म्हणून पाच टक्के कमी, म्हणजे १५४ ग्रॅम घेते. हे प्रमाण जुने आहे, वर्षानुवर्षे याच प्रमाणाचा साबण विकला आहे, आणि माझी गिऱ्हाइके तो ओळखतात.

या वेळी ट्रेस यायला, म्हणजे तेल आणि कॉस्टिकचे मिश्रण दाटसर व्हायला, फार वेळ लागला. दुसऱ्या दिवशी साचे उलटले तर वडीच निघेना. मलमासारखा लगदा, वर तेलाचा तवंग, खाली घातलेला कागद तेलाने भिजून पारदर्शक झालेला. आठवडा गेला तरी तसेच. माझ्याबरोबर शेजारच्या दोघी जणी या कामाला असतात आणि दिवाळीच्या ऑर्डरीवर त्यांचेही घरखर्च ठरलेले असतात. त्यांच्यासमोर तो सगळा माल साच्यातून खरवडून काढताना काय वाटले, ते या पत्रात मावणार नाही.

आपले पहिले उत्तर होते, 'पाणी जास्त झाले असेल.' पाणी जास्त झाले तर साबण मऊ निघतो, पण ते पाणी उडून जाते, वडी आटते आणि घट्ट होते. पाण्याने कागदाला तेलाचे डाग पडत नाहीत.

दुसरे उत्तर, 'कोकणातल्या दमट हवेत फ्लेक्स खराब झाले असतील.' कॉस्टिक सोडा उघडा राहिला तर हवेतले पाणी शोषतो, कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा धुण्याचा सोडा बनतो आणि त्याची ताकद कमी होते, हे खरे आहे. म्हणूनच मी पिशवी ओतणीच्या दिवशीच फोडते आणि उरलेला माल लगेच घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरते. पण वादापुरते आपले म्हणणे मान्य केले तरी, दमट हवेने सोडियमचा पोटॅशियम होत नाही.

आणि तो पोटॅशियमच आहे. उरलेल्या मालाचा नमुना मी जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात नेला. तिथे दोन तपासण्या झाल्या. पहिली ज्योतीची. सोडियमने ज्योत भडक पिवळी होते, पोटॅशियमने फिकट जांभळी. थोडासा सोडियमही जांभळा रंग झाकून टाकतो, म्हणून निळ्या कोबाल्ट काचेतूनही पाहिले. ज्योत उघड्या डोळ्यांनाही जांभळीच दिसत होती. दुसरी तपासणी अनुमापनाची, म्हणजे माल उदासीन करायला किती हायड्रोक्लोरिक आम्ल लागते ते मोजण्याची. हा माल सोडियम हायड्रॉक्साइड आहे असे धरून हिशेब केला तर त्याची शुद्धता ६४ टक्के येते. आपल्या लेबलावर ९८ टक्के लिहिले आहे. हा ६४ चा आकडा मात्र अगदी बोलका आहे : बाजारात मिळणारा पोटॅश साधारण ९० टक्के शुद्धतेचा असतो, आणि सोडियम हायड्रॉक्साइडचा रेणुभार ४० तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा ५६ असल्याने ९० टक्क्यांचा पोटॅश सोड्याच्या हिशेबाने बरोबर ६४ टक्क्यांच्या आसपासच भरतो.

आता माझ्या साच्यांत काय झाले ते उलगडते. १५४ ग्रॅम घातले, पण काम केले ते जेमतेम ९९ ग्रॅम सोड्याइतके. लागणार होते १६२. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ ३९ भाग तेलाचा साबण झालाच नाही, आणि जो झाला तो पोटॅशियमचा मऊ साबण. पोटॅशने वडी बनत नाही, म्हणून तर तो द्रवरूप साबणासाठी वापरतात. आपल्याच पानावर त्याखाली 'लिक्विड सोपसाठी' असे लिहिलेले आहे.

आपल्या पिशवीवरही याची खूण आहे. पुढचे लेबल कॉस्टिक सोड्याचे. पण पिशवीच्या तळाशी छापलेला सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा वेगळा असा ओळख क्रमांक, १३१०-५८-३ आहे. हा क्रमांक पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा. सोडियम हायड्रॉक्साइडचा १३१०-७३-२ असतो. मी विश्लेषणाचा दाखला मागितल्यावर आपण जो पाठवला, त्यावरचा लॉट क्रमांक माझ्या पिशवीवरच्या लॉट क्रमांकाशी जुळत नाही. दोन्हींची छायाचित्रे जोडली आहेत. कृपया ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

आता त्या उलट्या पिशवीचे. समजा एखादी बाई याच तेलांचा हात धुण्याचा द्रवरूप साबण करते आहे. पाच टक्के तेल मोकळे सोडून तिला ९० टक्के शुद्धतेचा पोटॅश एका किलोला सुमारे २४० ग्रॅम लागेल. तेवढे ती पिशवीतून मोजून घालणार. त्या पिशवीत कॉस्टिक सोडा असेल तर तिच्या तेलाला संपूर्ण साबण होण्यासाठी पुरतात १६२ ग्रॅम. उरलेले सत्तरहून अधिक ग्रॅम कॉस्टिक त्या साबणात मोकळे राहील. मोकळे कॉस्टिक म्हणजे काय, ते हे काम करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. आम्ही हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्याला हात लावत नाही, पाण्यात कॉस्टिक घालतो, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतत नाही, ॲल्युमिनियमचे भांडे जवळही आणत नाही. जाणती बाई तिचा लगदा नेहमीसारखा न होता दगडासारखा झालेला पाहून थांबेल, फिनॉल्फ्थॅलिन या सूचक द्रवाचा थेंब टाकून मोकळ्या कॉस्टिकचा गुलाबी रंग येतो का ते पाहील. पण आपले ग्राहक बहुतेक नवखे आहेत. आपण 'सुरुवात करणाऱ्यांसाठी संच' म्हणून हीच रसायने विकता. ती नवखी त्यात पाणी घालून, पातळ करून, बाटलीत भरेल. ती बाटली एखाद्या मोरीत, एखाद्या लहान मुलाच्या हाताशी जाईल. डोळ्यात गेले तर?

माझा साबण नुसता वाया गेला. कोणाची त्वचा जळली नाही, ही त्यातली जमेची बाजू. दुसऱ्या ग्राहकाचे असेच होईल, याची खात्री आपल्यालाही देता येणार नाही. हे मी दूरध्वनीवर आपल्या प्रतिनिधीला सांगितले तेव्हा मिळालेले उत्तर होते, 'दुसऱ्या कोणाची तक्रार आलेली नाही.' तक्रार येण्याची वाट पाहणे म्हणजे कोणी भाजण्याची वाट पाहणे, हे कृपा करून समजून घ्यावे.

मी लहान उत्पादक आहे. साबण विकायचा तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे उत्पादन परवाना लागतो. त्यासाठी घराला लागून वेगळी खोली बांधली आणि परवाना काढला. प्रत्येक ओतणीचे तेल कुठले, कॉस्टिकची पिशवी कोणती, लॉट कोणता, हे माझ्या वहीत लिहिलेले असते. उद्या एखाद्या वडीबद्दल तक्रार आली तर ती कोणत्या साच्यातली आणि त्या साच्यातल्या बाकीच्या वड्या कोणाकडे गेल्या, हे मी त्याच संध्याकाळी सांगू शकते. आपल्याकडे तर प्रत्येक ग्राहकाचा पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल संगणकात आहे. त्या लॉटच्या सर्वांना एक संदेश पाठवणे आपल्यासाठी एका दुपारचे काम आहे.

आपल्या शेवटच्या ईमेलमध्ये असेही लिहिले आहे, की मी माल व्यवसायासाठी घेतल्याने मला 'ग्राहक' म्हणता येत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) चे स्पष्टीकरण कृपया वाचावे. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेल्या आणि वापरलेल्या वस्तूंची खरेदी व्यापारी हेतूची धरली जात नाही. मी त्यातच मोडते. याच कायद्याने मला मी राहते त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते, आपले कार्यालय कुठेही असो. आणि धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार कलम २० प्रमाणे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझ्या पहिल्या तक्रारीची पोच मला आजवर मिळालेली नाही.

माझ्या मागण्या अशा. माझी पिशवी भरली त्या दिवसांत भरलेल्या कॉस्टिक सोडा आणि कॉस्टिक पोटॅश या दोन्हींच्या लॉटची विक्री आजच थांबवावी, आणि त्या घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला 'ही पिशवी वापरू नका, यातून केलेला साबण कोणाला देऊ नका' असा स्पष्ट संदेश मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पाठवावा. तो पाठवल्याची प्रत मला मिळावी. गोदामात उरलेल्या पिशव्यांची बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासणी करून तिचा अहवाल द्यावा. दोन्ही रसायने एकाच टेबलावर, एकाच माणसाकडून, एकापाठोपाठ भरली जातात का, हेही कळवावे. तसे होत असेल तर ते बंद व्हायला हवे.

त्यानंतर माझे पैसे : पिशवीची किंमत, २४ किलो तेल, उटण्याचे साहित्य, दोघींची मजुरी आणि रद्द झालेल्या दिवाळीच्या ऑर्डरी. बिलांसह तक्ता जोडला आहे. आपण देऊ केलेले पुढच्या खरेदीवरचे सवलतीचे कूपन मी घेणार नाही. बिघडलेला माल पुन्हा शिजवून, वरून कॉस्टिक घालून 'दुरुस्त' करण्याची सूचनाही मला मान्य नाही. ज्या पिशवीवरच्या एकाही अक्षरावर विश्वास ठेवता येत नाही, तिच्यातून निघालेला साबण मी कोणाच्या अंगाला लावायला देणार नाही.

सुमारे १.३ किलो मूळ माल पिशवीसह माझ्याकडे सीलबंद ठेवला आहे. तपासणीसाठी आपला माणूस आला तर त्याच्यासमोर नमुना काढून देईन. पण सगळा माल कुरिअरने परत पाठवणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावे. ग्राहकांना सावध करण्यासाठी मात्र १५ दिवस थांबू नये. दोन दिवसांत तो संदेश गेल्याचे मला कळले नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि केंद्रीय प्राधिकरणाकडे या लॉटची माहिती स्वतः देईन. भरपाईसाठी सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगाकडे वेगळी तक्रार दाखल करीन.

आपली,
एक ग्राहक व साबण उत्पादक,
सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग

सोबत : खरेदीचे बिल, पिशवीच्या पुढच्या व तळाच्या बाजूची छायाचित्रे, आपण पाठवलेला विश्लेषण दाखला, महाविद्यालयाचा तपासणी अहवाल, ओतणीच्या वहीतील पानांच्या प्रती, नुकसानीचा तक्ता व बिले, आजवरचा ईमेल पत्रव्यवहार