ओवेनची वही आणि आपल्या घरातली ओवी

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर ज्या इंग्रज सैनिक-कवीविषयी अर्धवट बोलणे झाले, त्याच्याविषयी आज सविस्तर लिहिते. विल्फ्रेड ओवेन पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, फ्रान्सच्या आघाडीवर तोफांच्या माऱ्याने मनाने खचला, तेव्हा त्याला एडिंबरोच्या लष्करी रुग्णालयात धाडण्यात आले. तिथले डॉक्टर ब्रॉक रुग्णाला नुसते पडून राहू देत नसत, काहीतरी कामाला लावत. ओवेनकडे रुग्णालयाच्या नियतकालिकाचे संपादन आले, सिगफ्रीड ससून या दुसऱ्या सैनिक-कवीची संगत लाभली, आणि रात्री छळणारी दृश्ये, विषारी वायूने डोळ्यांदेखत गुदमरलेला सोबतीसुद्धा, कवितेत उतरू लागली. हे वाचताना मला तुमची फार आठवण झाली. पेन्शनीत आल्यावर कित्येक वर्षे तुम्ही मध्यरात्री उठून सोप्यात एकटेच बसत होता, आणि आजही कुणी एकाहत्तरच्या बांगलादेश युद्धातल्या जमालपूरचे नाव काढले की भाताच्या तरव्याचा विषय काढता.

ओवेन पुन्हा आघाडीवर गेला आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबायला आठवडा उरला असताना, एका कालव्यावर पंचविसाव्या वर्षी मारला गेला. तो गेल्याची तार घरी पोचली ती ११ नोव्हेंबरला, युद्ध संपल्याच्या घंटा गावात वाजत असताना. हयातीत त्याच्या जेमतेम पाच कविता छापल्या होत्या.

आई, पुढचे तुझ्यासाठी. त्याने आईला लिहिलेली शेकडो पत्रे त्या माउलीने जपली. त्याच्या खिशातली वही परत आली, तेव्हा तिच्यात त्याच्या हातची गीतांजलीतली ओळ होती: इथून जाताना माझे निरोपाचे शब्द हेच असोत, की मी जे पाहिले त्याला तोड नाही. निघताना त्याने तिला हेच शब्द ऐकवले होते. १९२० साली तिने स्वतः रवींद्रनाथांना पत्र लिहून हे कळवले.

आपले पणजोबाही त्याच युद्धात होते. एप्रिल १९१६ मध्ये आजच्या इराकमधले कुट पडले आणि तिथल्या मराठा पलटणींबरोबर तेही तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांच्या आईला अक्षरओळख नव्हती, पण जात्यावर बसून तिने जे म्हटले ते आजीकडून तुझ्याकडे आले:

बसऱ्याच्या वाळूमंदी, पान्याचा गं नाही साठा
माझ्या गं बाळाच्या, पायी रुतू नये काटा

बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये पलटणींची स्मारके आहेत, त्यांच्यापुढे मीही नतमस्तक होते. परंतु तिकडे मुलगा आणि इकडे खानापुरात जाते ओढणारी आई, हे दगडावर कोरलेले नसते. माझ्या मते ही ओवी ओवेनच्या कवितेच्या पंगतीला बसते. फरक एवढाच, की त्याचा कागद उरला आणि आपले सगळे एका तुझ्या ओठांवर आहे.

म्हणून दिवाळीला येते तेव्हा तुला येतील तेवढ्या ओव्या मला सांग, मी उतरून घेईन. आणि बाबा, जमालपूरचे जेवढे सांगवेल तेवढेच सांगा. नाही सांगवले तर मी दुसऱ्यांदा विचारणार नाही. गुडघ्याचे तेल सोबत आणते.

आपली,
मुलगी